मनिला ते हाँगकाँग : तरुण फिलिपिनो वादकाची कारकीर्द चालते कशी?

कळफलक (धागाकर्ता)

हाँगकाँग-मकावच्या हॉटेलांत, दुबईच्या रेस्तराँत किंवा क्रूझ जहाजाच्या डेकवर रात्री वाजवणारा बँड बघितला तर त्यात फिलिपिनो मंडळी हमखास दिसतात. आपल्याकडे यावरची चर्चा "त्यांच्या रक्तातच संगीत आहे" या वाक्यापाशी संपते. रक्तात काही नसतं. शाळा कुठली, बाजारपेठ कुठली आणि कागद कोण करून देतं, या तीन गोष्टींनी हा धंदा उभा राहिला आहे. त्यावर नेमकी माहिती एका ठिकाणी यावी म्हणून हा धागा. आठवणी, "मी सिंगापूरला गेलो होतो तेव्हा" वगैरे कृपया नको.

पार्श्वभूमी थोडक्यात. १५६५ ते १८९८ स्पॅनिश अंमल. चर्चमधलं गायन-वादन आणि पलटणींचे बँड यांतून गावोगाव वाद्यं वाचून वाजवणारी माणसं तयार झाली. अमेरिकन आल्यावर १९०२ मध्ये वॉल्टर लव्हिंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने कॉन्स्टॅब्युलरीचा (तिथल्या पोलीस दलाचा) बँड उभा केला आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तो गाजला. १९२०-३० च्या दशकांत शांघायच्या नाचघरांत फिलिपिनो जॅझवाले होतेच. पुढे सुबिक आणि क्लार्क हे अमेरिकन लष्करी तळ. त्यांच्या दाराशी असलेल्या ओलोंगापो आणि आंगेलेस या शहरांतल्या क्लबांत रोज रात्री अमेरिकन सैनिकांना त्यांचीच ताजी गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवावी लागत. क्लार्क १९९१ ला बंद झाला, सुबिक १९९२ ला. तोवर परदेशाची वाट रुळलेली होती.

आता समजा मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातला बावीस वर्षांचा गिटारवादक आहे. हाताला वळण आहे, घरची परिस्थिती बेताची. त्याचा पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडूया.

---

मांडवीकाठ

चांगला धागा. गोवेकरांना ही पार्श्वभूमी ओळखीची वाटेल. इथेही चर्चच्या पारोकियाल शाळेत मेस्त (संगीतशिक्षक) पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) घोटवायचा आणि मग व्हायोलिन हातात द्यायचा. हळदोण्याचा चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे सगळे त्याच मातीतले. फरक बाजारपेठेचा. गोवेकराला मुंबईत हिंदी चित्रपटांचे स्टुडिओ मिळाले, तिथे समोर कागद ठेवून वाजवायचं होतं. फिलिपिनो वादकाला जे गिऱ्हाईक मिळालं त्याला ओळखीचं गाणं ओळखीच्या आवाजात हवं होतं. म्हणून एकाची वाचनाची बाजू धारदार झाली, दुसऱ्याची कानाची.

---

सात_मात्रा

कानाच्या बाजूला तिकडे शब्दच आहे : विदो. स्पॅनिश 'ओईदो' म्हणजे कान, त्यावरून. "विदो वाजवतो" म्हणजे नोटेशन न बघता ऐकून उचलतो. आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा शब्द प्लाकादो. प्लाका म्हणजे तबकडी. प्लाकादो म्हणजे तबकडीबरहुकूम. सोलोमधला सूर न् सूर, ड्रमचा प्रत्येक तुकडा, गायकाने श्वास कुठे घेतला तेसुद्धा. बँडची तारीफ करताना "प्लाकादो आहेत" हे तिकडचं मोठं प्रशस्तिपत्र.

याचं कारण गिऱ्हाइकात आहे. हॉटेलात बसलेल्या माणसाला त्या बँडचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं नसतं, त्याला त्याचं कॉलेजातलं गाणं हवं असतं. हॉटेलचा मॅनेजर त्या माणसाकडे बघतो, बँडकडे नाही.

तयारीचा हिशेब असा. रात्री ४५ मिनिटांचे ५ सेट धरले तर २२५ मिनिटं. गाणं सरासरी ४ मिनिटांचं, मधलं बोलणं वजा केलं तर रात्रीला साधारण ५० गाणी. पाहुणा तीन रात्री राहतो आणि त्याला तीच यादी पुन्हा ऐकू येता कामा नये, म्हणजे कमीत कमी १५०. त्यावर फर्माइशी. म्हणून नवीन बँडने २०० च्या आत यादी घेऊन एजंटाकडे जाऊ नये. यादी कलाकारानुसार लावण्यापेक्षा वेळेनुसार लावलेली बरी : जेवणाआधीची हळू, जेवतानाची मध्यम, साडेदहानंतरची नाचायची. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, गती आणि कोण गाणार हे लिहिलेलं हवं.

पट्टीवरून पहिलं भांडण होतं. मूळ गाणं पुरुषाचं, बँडची गायिका स्त्री. पट्टी चार सूर वर नेली की गिटारच्या मोकळ्या तारांवरचा वाजवण्याचा ढंग मोडतो आणि प्लाकादोपणा गेला. तोडगा म्हणजे कॅपो (गिटारच्या मानेवर लावून पट्टी चढवायचा चिमटा), नाहीतर तो भाग कीबोर्डकडे द्यायचा.

---

कोमल_गांधार

@सात_मात्रा, भाषेबद्दल राहिलं. हाँगकाँगला कँटोनीज गाणी लागतात आणि बहुतेक बँड ती रोमन लिपीत उच्चार लिहून पाठ करतात. मँडरिन, जपानी, कोरियन यांतही चालून जातं. कँटोनीजमध्ये मात्र गीतकार शब्दांचा स्वर-चढउतार चालीला जुळवूनच गाणं लिहितो. गायकाने मधेच हरकत घेतली किंवा सूर ओढला तर शब्द दुसराच ऐकू येतो. समोरच्या टेबलावर हसू फुटतं आणि गायकाला कळत नाही काय झालं. तिथे सरळ, खडा सूर लावायचा. सजावट इंग्रजी गाण्यांसाठी राखून ठेवावी.

---

कागदी_घोडे

आता कागद. इथेच निम्म्या कारकिर्दी अडकतात.

आधी ही भानगड पोइआ नावाच्या सरकारी संस्थेकडे होती (स्थापना १९८२). २०२१ च्या अखेरीस कायदा क्रमांक ११६४१ झाला आणि स्थलांतरित कामगारांचं वेगळं खातं, म्हणजे डीएमडब्ल्यू, आलं. जमिनीवरच्या नोकरीचा, उदाहरणार्थ हॉटेल बँडचा, रस्ता साधारण असा :

परवानाधारक एजन्सी. परदेशी हॉटेल तिची 'प्रिन्सिपल' म्हणून नोंदलेलं असतं आणि त्या हॉटेलची कागदपत्रं तिथल्या फिलिपिनो दूतावासाच्या कामगार कार्यालयात तपासली जातात. करार मंजूर होतो. मग वैद्यकीय तपासणी, व्हिसा, निघण्यापूर्वीचं मार्गदर्शन शिबिर (पीडॉस), ओव्वा या कल्याणनिधीची २५ डॉलर वर्गणी आणि शेवटी ओईसी हे परदेशी नोकरीचं प्रमाणपत्र. ओईसी मिळाल्यापासून ६० दिवसांत निघावं लागतं. ते हातात असलं की विमानतळावरचा १,६२० पेसोंचा प्रवासकरही माफ.

एजन्सीचं शुल्क : जमिनीवरच्या कामासाठी जास्तीत जास्त एका महिन्याचा पगार, करार सही झाल्यानंतर आणि पावती घेऊनच. ज्या देशांत कामगाराकडून शुल्क घ्यायला बंदी आहे तिथे तेही नाही. जहाजावरच्या नोकरीला तर शून्य. "ऑडिशन फी", "प्रशिक्षण फी", "व्हिडिओ शूटिंग फी" अशा नावांनी आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरायचं.

कुठे चुकतं? बँडमधला जुना मित्र परदेशातून फोन करतो : "गिटारवाला पळाला, तू टुरिस्ट व्हिसावर ये, बाकी इथे बघू." पोरगा गिटार खांद्याला लावून मनिला विमानतळावर जातो. चौकशीत परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याला विमानात बसूच देत नाहीत. याला तिकडे 'ऑफलोड' म्हणतात. पार पडलाच तर परदेशात तो बेकायदा कामगार. पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? फिलिपिनो कामगार कायद्यात थेट भरतीवर मुळातच बंदी आहे, अपवाद मोजके आणि त्यांनाही वेगळी मंजुरी लागते.

एजन्सीमार्फत जाण्याचा खरा फायदा नोकरी मिळण्यात नाही, नंतरच्या भांडणात आहे. १९९५ चा कायदा ८०४२ आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांप्रमाणे हॉटेलने पैसे बुडवले तर मनिलातली एजन्सी तितकीच जबाबदार धरली जाते. म्हणजे खटला घरच्या गावात चालतो. शिवाय एजन्सीने विमा काढून द्यायचा असतो : अपघाती मृत्यूला किमान १५,००० डॉलर, नैसर्गिक मृत्यूला १०,०००, कायमच्या अपंगत्वाला ७,५००.

---

उंबरठा

विमानतळावर एक करार दाखवायचा आणि तिकडे पोचल्यावर दुसरा पुढे करायचा, हा प्रकार संपला का आता?

---

कागदी_घोडे

@उंबरठा, संपलेला नाही. मंजूर करार बदलून कामगाराचं नुकसान करणं हा त्याच ८०४२ कायद्याखाली गुन्हा आहे, पण सिद्ध करायला मूळ करार जवळ हवा. म्हणून मंजूर प्रत स्कॅन करून घरच्यांकडे ठेवायची आणि बँडमधल्या प्रत्येकाने आपापली ठेवायची. एकट्या बँडलीडरकडे सगळ्यांचे करार आणि पासपोर्ट हा धोक्याचा कंदील समजा.

दुसऱ्या करारात काय बदललेलं असतं तेही बघा. पगाराचा आकडा सहसा तोच. सेट ४ चे ५ होतात, सुटीचा दिवस "हॉटेलच्या सोयीनुसार" होतो, आणि "इतर संबंधित कामे" अशी एक ओळ येते. त्या ओळीतून टेबलावर बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारणंही बाहेर निघू शकतं. गायिकांच्या बाबतीत ती ओळ दोनदा वाचा.

---

बंदरबुवा

क्रूझचा रस्ता वेगळा आहे, तो नीट लिहितो. फिलिपिनो नियमांत क्रूझवरचा वादक हा खलाशी धरला जातो. त्यामुळे मॅनिंग (खलाशी भरती करणारी) एजन्सी, मरिना या खात्याकडून खलाशाचं नोंदपुस्तक, वैद्यकीय तपासणी, अमेरिकन बंदरं असतील तर सी-१/डी व्हिसा, आणि एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण. यात पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा असे भाग येतात. बासवाल्यालाही तराफ्यावर चढून दाखवावं लागतं. जहाजावर आणीबाणीच्या सरावात त्याला नेमून दिलेलं काम असतं, ते चुकवलं की ताकीद.

वादकांचे तिथे दोन प्रकार, आणि गल्लत झाली की ऑडिशन वाया.

एक, शो बँड किंवा ऑर्केस्ट्रा. पाहुणा कलाकार दुपारी जहाजावर चढतो, नोटेशनचा गठ्ठा देतो, एक तालीम, रात्री प्रयोग. कानात क्लिक (तालाचा ठोका) वाजत असते आणि त्यावरच निम्मी वाद्यं आधीच ध्वनिमुद्रित. इथे नजरेने वाचन आलंच पाहिजे. सॅक्सवाल्याला क्लॅरिनेट आणि बासरीही वाजवता येणं अपेक्षित असतं. विदोवाला कितीही तयारीचा असला तरी इथे पहिल्या पानावर गारद.

दोन, पार्टी बँड, त्रिकूट, जोडी. इथे वाचन लागत नाही, यादी लागते. फिलिपिनो बँड मोठ्या संख्येने इथे असतात.

तेव्हा बुलाकानच्या त्या पोराला सल्ला : कान आहेच, सहा महिने वाचनावर घाल. रोज वीस मिनिटं, न बघितलेलं पान, मेट्रोनोम लावून, चुकलं तरी न थांबता. थांबून दुरुस्त करायची सवय हा विदोवाल्यांचा खास दोष. शोमध्ये ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी थांबत नाही.

कामाचे तास : २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे आणि फिलिपिन्सने ऑगस्ट २०१२ मध्ये मान्यता दिल्यावरच तो अमलात येण्याची अट पुरी झाली. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ७ दिवसांत ७७ तास. सेट, तालीम, साउंडचेक, सराव-भोंगा सगळं कामात मोजायचं. विश्रांतीची नोंदवही महिन्याला सहीला येते, ती न वाचता सही करू नये. पुढे हाताच्या दुखण्याचा दावा करायची वेळ आली तर तीच वही समोर ठेवली जाते.

---

मनगट

बंदरबुवांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. फिलिपिनो खलाशाच्या प्रमाण करारात एक कलम असं आहे की ते माहीत नसल्याने दावे बुडतात : आजारी किंवा जखमी होऊन जहाजावरून परत आल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत कंपनीने नेमलेल्या डॉक्टरकडे हजर व्हायचं. गावी जाऊन आईच्या हातचं खाऊन आठवड्याने गेलात तर हक्क गेला. जाऊ शकत नसाल इतके आजारी असाल तर त्याच मुदतीत एजन्सीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

कानांचं गणित सगळे विसरतात. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. छोट्या बारमध्ये झांजेशेजारी उभा राहणारा गिटारवाला ९४ सहज ओलांडतो आणि तो तिथे रोज चार तास असतो. कानाचा साचा घेऊन बनवलेले मॉनिटर (वाजवताना कानात घालायचे इअरफोन) घ्यायचे ते यासाठी. पण आवाज स्वतःच वाढवत नेला तर त्यांचाही उपयोग शून्य.

---

बेसूर_पंडित

सगळं गोड चाललंय म्हणून जरा कडू लिहितो. जपानचा अध्याय टाळू नका.

जपानच्या 'मनोरंजक' व्हिसावर २००४ साली ८० हजारांहून जास्त फिलिपिनो गेले. कागदोपत्री गायक, वादक, नर्तक. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येकींना बारमध्ये गिऱ्हाइकाशेजारी बसवलं गेलं. व्हिसासाठी जपानबाहेर दोन वर्षांचं शिक्षण किंवा अनुभव लागत असे, पण फिलिपिन्स सरकारचं कलाकार-प्रमाणपत्र असलं की ती अट सुटायची. ते प्रमाणपत्र कसं मिळायचं ते सगळ्यांना माहीत होतं. २००४ च्या अमेरिकी मानवी तस्करी अहवालात जपानवर ताशेरे आले आणि मार्च २००५ पासून जपानने ही सूट काढून घेतली. आकडा झपाट्याने कोसळला. त्यात खरे वादकही भरडले गेले.

---

कोमल_गांधार

@बेसूर_पंडित, बरोबर, पण जपानी नियमांत चांगली बाजूही होती. अशा ठिकाणच्या रंगमंचाचं क्षेत्रफळ किमान १३ चौरस मीटर, कलाकारांची खोली किमान ९ चौरस मीटर, पाचांपेक्षा जास्त कलाकार असले तर माणशी १.६ वाढवायची, महिन्याचा मोबदला किमान २ लाख येन. हे वाचून हसू येतं, पण हेतू साफ आहे : जिथे खरंच रंगमंच आहे तिथेच कलाकार यावा. दुसऱ्या कुठल्याही देशाची ऑफर आली तरी हाच प्रश्न विचारा. रंगमंच केवढा, फोटो पाठवा. रंगमंचाचा फोटो पाठवायला टाळाटाळ करणारा मालक बँड कशासाठी बोलावतोय?

---

कळफलक

उत्तम चाललंय. हाँगकाँगच्या करारातले खाचखळगे कुणी लिहील का?

---

व्हिक्टोरिया_पीकखालून

मुख्य गोष्ट : तिथला कामाचा व्हिसा मालकाला बांधलेला असतो. हॉटेलात सहा रात्री वाजवून सातव्या रात्री मित्राच्या बारमध्ये 'राकेत' (जोडधंद्याला फिलिपिनो शब्द) केलं, तर मुक्कामाच्या अटींचा भंग. शिक्षा ५०,००० हाँगकाँग डॉलर दंड आणि २ वर्षं कैद इथपर्यंत जाऊ शकते. "पैसे घेतले नाहीत, नुसतं जॅमला उभा राहिलो" हा बचाव भरवशाचा नाही. मालकाची आणि इमिग्रेशनची लेखी परवानगी आधी घ्यायची.

निवृत्तिनिधी : १८ ते ६५ वयाच्या, ६० दिवस किंवा अधिक नोकरीत असलेल्यांसाठी मालक ५ टक्के आणि कामगार ५ टक्के भरतो, प्रत्येकी महिना १,५०० हाँगकाँग डॉलरच्या मर्यादेत. पण ज्या परदेशी कामगाराचा मुक्काम १३ महिन्यांपर्यंतचाच मंजूर आहे त्याला हे लागू नाही. म्हणून एक वर्षाचा करार आणि दोन वर्षांचा करार यांत दिसतो त्यापेक्षा जास्त फरक आहे.

नोकरीचं स्वरूपही बघा. २००५ ला डिस्नेलँड सुरू झाल्यापासून तिथे फिलिपिनो वादक-गायकांना नियमित काम मिळालं. थीम पार्कचं काम दिवसाचं, पाऊण तासाऐवजी छोटे छोटे प्रयोग, उन्हात, पोशाखात. पैसे ठरलेले, यादी ठरलेली, डोक्याला ताप कमी. हॉटेल-बारमध्ये रात्रीचं जागरण, पण टिप आणि ओळखी. घर करायचं असेल तर पहिलं, नाव करायचं असेल तर दुसरं. माझं मत.

---

तारजोड

सामानाबद्दल.

वीज : फिलिपिन्स २२० व्होल्ट ६० हर्ट्झ, हाँगकाँग २२० ला ५० हर्ट्झ, जपान १०० व्होल्ट. क्रूझवर ११० आणि २२० दोन्ही सॉकेट दिसतात. आजकालचे अडॅप्टर १०० ते २४० चालतात, मागे छापलेलं असतं, वाचा. जुने ट्रान्सफॉर्मरवाले ॲम्प चालत नाहीत. गंमत म्हणून सांगतो, ६० हर्ट्झसाठी बनलेला चक्रवाला हॅमंड ऑर्गन ५० वर लावला तर सगळं वाद्य तीन अर्धस्वर खाली उतरतं, कारण त्याची मोटर विजेच्या ठोक्यावर फिरते.

सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन पट्टी क्रूझवर चढताना जप्त होते. जहाजाची वायरिंग जमिनीवरच्यापेक्षा वेगळी, तिथे ती पट्टी पेटू शकते. पट्टी लागलीच तर जहाजाच्याच विद्युत विभागाकडून घ्या.

वायरलेस माइक : अमेरिकेत ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ हे पट्टे जुलै २०२० पासून वादकांसाठी बंद. आशियात घेतलेला सेट मायामीच्या बंदरात बेकायदा ठरू शकतो. घेण्याआधी पट्टा तपासा, किंवा सरळ केबल.

गिटार : रोझवूडवर जानेवारी २०१७ मध्ये साइट्सचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद आले होते. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही. जुनी, महागडी गिटार फिरवू नये हे बरं. जहाजावरच्या एसीत लाकूड सुकतं, आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा, केसमध्ये आर्द्रतेची पुडी ठेवा. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

'मायनस वन' (गायकाचा आवाज काढलेला साथीचा ट्रॅक, फिलिपिनो बोलीत हाच शब्द) दोन ठिकाणी ठेवा, लॅपटॉपवर आणि फोनवर. लॅपटॉपचं अपडेट नेमकं दुसऱ्या सेटला सुरू होतं. इंटरनेट बंद करूनच रंगमंचावर जायचं.

---

सात_मात्रा

ऑडिशनच्या व्हिडिओवर कुणी लिहिलं नाही म्हणून. एजंट पहिली वीस सेकंद बघतो. पहिलं गाणं सगळ्यांत ओळखीचं, सुरुवातीचं संगीत कापून थेट गायकावर. एकूण ४-५ मिनिटं, आठ-दहा गाण्यांचे तुकडे, वेगवेगळ्या शैली, वेगवेगळे गायक. आणि त्याबरोबर एक अखंड, न कापलेलं गाणं, एका कॅमेऱ्यावर, थेट आवाजात. स्टुडिओत दुरुस्त केलेला आवाज वर डकवला की ओठ आणि सूर यांतली फट अनुभवी माणूस लगेच पकडतो. व्हिडिओत सहा जण आणि प्रत्यक्ष विमानातून उतरले त्यांतले दोन वेगळे, यावरून करार रद्द होतात. माणूस बदलला की व्हिडिओ बदला.

हॉटेलात वाजवण्याच्या हक्काचे पैसे हॉटेल भरतं (हाँगकाँगला कॅश, जपानला जासराक, फिलिपिन्सला फिलस्कॅप या संस्थांना). ऑनलाइन व्हिडिओचं प्रकरण वेगळं, तिथे मूळ हक्कदार तुमच्या व्हिडिओचं उत्पन्न घेऊ शकतो किंवा तो उतरवू शकतो. म्हणून एजंटाला पाठवायची लिंक स्वतंत्र ठेवा.

---

जमाखर्च

ऑफर तोलताना महिन्याचा आकडा बघू नका, सेटचा भाव काढा. समजा १,२०० डॉलर, आठवड्याला ६ रात्री, रोज ५ सेट. महिन्याला साधारण १३० सेट, म्हणजे सेटला ९ डॉलरच्या आसपास. दुसरी ऑफर १,००० ची पण रोज ३ सेट : ७८ सेट, म्हणजे जवळजवळ १३ डॉलर, आणि गळा शाबूत. मग जेवण, खोली, कपडे धुणं कोण देतं ते मिळवा-वजा करा.

जहाजावर मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग दरमहा घरी पाठवणं फिलिपिनो नियमाने सक्तीचं आहे. परदेशातल्या कमाईवर फिलिपिन्समध्ये आयकर नाही. सामाजिक सुरक्षेची वर्गणी मात्र आहे, जानेवारी २०२५ पासून १५ टक्के दराने. खलाशाच्या बाबतीत १० टक्के मालकाकडून येतात, जमिनीवरच्या वादकाला सगळे स्वतः भरावे लागतात. दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांत बहुतेक जण ती थांबवतात आणि पुढे पेन्शनच्या हिशेबात ती भोकं दिसतात.

त्या रिकाम्या महिन्यांवरच कारकीर्द मोडते, खरं तर. सहा ते नऊ महिने कमाई, दोन-तीन महिने घरी, त्यात बहिणीची फी, छपराचे पत्रे, सगळ्यांना पसालुबोंग म्हणजे परदेशाहून आणायच्या भेटी. निघताना खात्यात काहीच नाही, म्हणून समोर येईल तो करार सही. भाव पाडून घेण्याची सुरुवात इथे होते. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असलेला वादक 'नाही' म्हणू शकतो.

---

मांडवीकाठ

गोव्यातून, कोकणातून क्रूझवर जाणारे तारवटी (खलाशी) आणि वादक वाचत असतील तर आपल्याकडचं समांतर : सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इन्डॉस हा खलाशाचा नोंदणी क्रमांक, तेच एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण, आणि एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना. जहाजाच्या नोकरीसाठी वादकाकडून पैसे घेणं इथेही चुकीचंच. जमिनीवरच्या नोकरीला १९८३ चा उत्प्रवास कायदा, शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर. मनिलातल्या एजन्सीवर परदेशी मालकाच्या बरोबरीची जबाबदारी टाकणारं कलम तिथे वारंवार कोर्टात वापरलं जातं. आपल्याकडचा वादक तक्रार करायला पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे त्याला विचारतात, नोकरी म्हणजे, वाजवायची?

---

बेसूर_पंडित

आणि या सगळ्यानंतर पोरगा पोचतो कुठे? चाळिशीत अजून तीच २०० गाणी?

---

सात_मात्रा

@बेसूर_पंडित, प्रश्न रास्त आहे. प्लाकादो हीच शिडी आणि तेच छप्पर. आर्नेल पिनेडाचं उदाहरण सगळे देतात : हाँगकाँगला वर्षानुवर्षं कव्हर बँडमध्ये गायला, २००७ मध्ये 'जर्नी' या अमेरिकन रॉक बँडच्या गिटारवादक नील शॉनने इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ बघितले आणि तो त्या बँडचा मुख्य गायक झाला. तेव्हा वय ४०. पण नीट बघा, त्यालाही दार उघडलं ते दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढता येतो म्हणूनच. गायिका-अभिनेत्री लिया सालोंगाचा रस्ता वेगळा, १९८९ ला अठराव्या वर्षी लंडनच्या वेस्ट एंडच्या रंगभूमीवर मुख्य भूमिका, १९९१ ला टोनी हा अमेरिकन नाट्यपुरस्कार. पण ती मनिलात लहानपणापासून रंगभूमीवर होती. लॉबीतून तिथे वाट जात नाही.

सर्वसाधारण वादकाला वर जायच्या वाटा तीन-चारच दिसतात. बँडलीडर, म्हणजे वाजवण्याबरोबर हिशेब आणि भांडणं. जहाजावर संगीत दिग्दर्शक, त्यासाठी वाचन आणि संगीत-संयोजन (अरेंजमेंट) दोन्ही लागतात, या संयोजनाला तिकडे 'आरेग्लो' म्हणतात. ध्वनितंत्रज्ञ, ही वाट कमी लेखली जाते, पण कान आधीच तयार असतो आणि गळा-मनगट झिजत नाही. नाहीतर शिकवणं, ज्याला यूपी (युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स) किंवा मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाची संगीत पदवी असली तर फरक पडतो. पदवी नसेल तर करारांमधल्या सुट्यांत आरेग्लो लिहायला बसावं. सहा वाद्यांसाठी लिहिलेली चाळीस गाणी पेटीत असलेला माणूस कुठल्याही बँडला हवा असतो.

---

बंदरबुवा

आणि ती चाळीस गाणी पीडीएफमध्ये, प्रत्येक वाद्याचं पान वेगळं, पान उलटायची जागा विश्रांतीच्या मात्रांवर. ट्रंपेटवाल्याला सोलोच्या मध्यात पान उलटायला लावणारा संगीत दिग्दर्शक दुसऱ्या करारावर दिसत नाही.

---

कळफलक

@बंदरबुवा :) घेतलं टिपून. दुबईच्या कलाकार-परवान्याबद्दल कुणाला नेमकं माहीत असेल तर पुढच्या पानावर लिहा. परवाना वादकाच्या नावावर निघतो आणि हॉटेल बदललं की नव्याने काढावा लागतो का, एवढंच आधी हवं आहे.